झाडाची शिल्लक आणि बागेचा सौदा

मालेगाव शहर यंत्रमागाचे म्हणून ओळखले जाते. परंतु शहराची हद्द ओलांडून सटाण्याच्या किंवा देवळ्याच्या रस्त्याला लागले की डाळिंबाच्या बागा दिसू लागतात. मोसम आणि गिरणा या दोन नद्यांच्या खोऱ्यात, मालेगाव, बागलाण, देवळा, कळवण या तालुक्यांत, कित्येक कुटुंबांचे वर्षाचे गणित या फळावर बसलेले आहे. बाग चांगली आली की लग्नसराईचा बस्ता मोठा निघतो आणि दुकानातील जुनी उधारी वसूल होते. बाग गेली की आमच्या दुकानातील थान घडीबंद पडून राहतात. म्हणून कापडाच्या व्यापाऱ्यालाही डाळिंबाच्या झाडाची खबर ठेवावी लागते.

आपल्या समाजातील अनेक जण फळांच्या धंद्यात प्रत्यक्ष आहेत. कोणी एका बहारापुरती बाग उक्ती घेतो, कोणी शेतकऱ्याबरोबर भागीदारी करतो. या सौद्यात औषधाचा खर्च, मजुरी, राखण, वाहतूक सगळे ठरते. एक गोष्ट मात्र बहुधा ठरत नाही. ती म्हणजे माल उतरल्यानंतर झाडाला खत आणि पाणी कोणी द्यायचे. हा प्रश्न वाटतो लहान, पण पुढच्या वर्षाचा नफा-तोटा त्यात दडलेला आहे. त्याचे कारण झाडाच्या आत जो नत्राचा व्यवहार चालतो त्यात आहे. तो व्यवहार समजून घेण्यासाठी हा लेख.

आम्ही केलेली चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही एका ओळखीच्या शेतकऱ्याबरोबर बागेत भागीदारी केली. पहिला बहार अल्लाहच्या कृपेने भरघोस आला. शेवटचा तोडा झाला तेव्हा शेतकरी म्हणाले, "शेठ, आता शेणखत आणि थोडे खत द्यायला हवे. झाडे थकली आहेत." आम्ही हिशेब मांडला. माल गेला, पैसा आला, पुढचा बहार कित्येक महिन्यांनी. आजच खर्च कशासाठी? "आबा, बहार धरताना एकदम देऊ," असे सांगून आम्ही हात आखडता घेतला.

बहाराच्या वेळी आम्ही खरोखर भरपूर युरिया दिला. पुढे फांद्या लांबल्या, पाने काळपट हिरवी झाली, पण फूल विरळ आले. जे आले त्यातही फळ न धरणारी नर फुले जास्त. त्या वर्षी मुद्दल निघता निघता नाकी नऊ आले. हवामानाचाही त्यात वाटा असेल. परंतु जाणकारांना विचारल्यावर आणि थोडे वाचल्यावर कळले की एक कारण आमच्याच हिशेबात होते. खर्च आम्ही केला होता, पण चुकीच्या महिन्यात केला होता.

नत्र म्हणजे काय

हवेचा सुमारे 78 टक्के भाग नत्रवायूचा आहे, पण डाळिंब, द्राक्ष, आंबा यांच्यासारख्या फळझाडांना तो हवेतून घेता येत नाही. त्यांना तो जमिनीतून मुळांवाटे घ्यावा लागतो. शेणखत, पेंड, युरिया यांतून तो जमिनीत जातो. युरियात 46 टक्के नत्र असते.

झाड हे नत्र प्रथिने तयार करण्यासाठी वापरते. पानात सर्वांत जास्त प्रथिन असते ते हवेतील कार्बन वायू पकडून त्याची साखर करण्याच्या कामी लागणारे. पानाचा हिरवेपणा आणि नत्र यांचा संबंध म्हणूनच एवढा जवळचा आहे. पान म्हणजे झाडाचा कारखाना, आणि त्या कारखान्याच्या यंत्रांत नत्र गुंतलेले असते असे समजावे.

पान गळण्याआधी काय होते

आता महत्त्वाची गोष्ट. पान म्हातारे झाले की झाड ते नुसते फेकून देत नाही. आधी त्यातील प्रथिने मोडते. मोडलेल्या प्रथिनांतून लहान लहान नत्रयुक्त पदार्थ तयार होतात. ते सालीतील अन्नवाहिन्यांतून फांद्यांत, खोडात आणि मुळांत परत नेले जातात. पान पिवळे पडताना दिसते तेव्हा आत हीच आवराआवर चाललेली असते. पानातील नत्रापैकी साधारण निम्मे, कधी त्याहून थोडे अधिक, झाड अशा रीतीने वाचवते. उरलेले पानाबरोबर जमिनीवर पडते आणि कुजून पुन्हा मातीत मिसळते.

वाचवलेले नत्र दोन प्रकारे ठेवले जाते. एक, सालीत आणि लाकडात साठवणीची प्रथिने म्हणून. दुसरे, आर्जिनीन नावाच्या पदार्थात. आर्जिनीनच्या एका रेणूत नत्राचे 4 अणू असतात, म्हणजे थोड्या जागेत जास्त माल बसतो. द्राक्षवेलीच्या मुळांत आणि खोडात हा साठा मोठा असतो. सफरचंद, नाशपती, पीच यांसारख्या पानगळ होणाऱ्या झाडांतही साल, लाकूड आणि मुळे हीच कोठारे आहेत.

आंबा, संत्रे, मोसंबी ही झाडे बारा महिने हिरवी असतात. त्यांचा बराचसा साठा जुन्या पानांतच राहतो. नवी पालवी आणि मोहोर येतो तेव्हा जुनी पाने आपले नत्र काढून देतात. म्हणून संत्र्याच्या झाडाची जुनी पाने रोगाने अकाली गळाली तर पुढच्या बहाराला मार बसतो.

साठा खर्च केव्हा होतो

पानगळीनंतर झाड उघडे उभे असते. मग कळ्या फुगतात, पालवी फुटते, फूल येते. या सगळ्याला नत्र लागते आणि भरपूर लागते. परंतु त्या वेळी मुळे जमिनीतून फारसे घेऊ शकत नाहीत. पाने नसली की झाडातून पाण्याचे बाष्पीभवन होत नाही, म्हणून खालून पाण्याची ओढ नसते. थंड मुलखात जमीनही गार असते. अशा वेळी झाड कोठार उघडते. साठवणीची प्रथिने आणि आर्जिनीन मोडून ते नत्र लाकडातील जलवाहिन्यांतून वर कळ्यांकडे पाठवले जाते. पहिली पालवी आणि पहिले फूल बरेचसे या मागच्या हंगामाच्या शिल्लकेवर चालते. पुढे काही आठवड्यांनी, पाने मोठी होऊन कामाला लागली की मुळे जोमाने नवे नत्र ओढू लागतात.

आमच्या धंद्यातील माणसाला हे एका वाक्यात समजेल. माग सुरू झाला की पहिले कापड निघते ते आधी भरून ठेवलेल्या बीमच्या सुतावर, आज बाजारात ज्याची ऑर्डर दिली त्या सुतावर नाही.

हे शास्त्रज्ञांनी कसे ओळखले, असा प्रश्न वाचकांना पडेल. साध्या नत्राच्या अणूचे वजन 14 असते. 15 वजनाचेही नत्र निसर्गात अल्प प्रमाणात सापडते. ते किरणोत्सर्गी नसते, घातकही नसते, फक्त जरा जड असते. असे जड नत्र असलेले खत झाडाला एका वर्षी द्यायचे आणि दुसऱ्या वर्षी साधे खत द्यायचे. मग नव्या पानांत आणि फुलांत जड नत्र किती आले ते यंत्रावर मोजायचे. जेवढे जड नत्र आले तेवढे मागच्या वर्षीच्या साठ्यातले, हे सरळ आहे. दुकानदार जुन्या गाठींवर खूण करून ठेवतो तसाच हा प्रकार. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या मॅकॉले संस्थेत आणि अमेरिकेतील कॅलिफोर्नियात या पद्धतीने फळझाडांवर खूप काम झाले आहे. सफरचंदाच्या झाडांवर असेही दिसले की फळे काढल्यानंतर, पाने हिरवी असताना, सौम्य युरियाची फवारणी केली तर ते नत्र पानातून फांद्यांत आणि मुळांत जाऊन बसते आणि पुढच्या वसंतात कामी येते.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी

काश्मीरच्या सफरचंदाला थंडी झोपवते. आपल्याकडे तशी थंडी नाही. डाळिंब थंड प्रदेशात पाने गाळते, पण आपल्या हवेत पाणी मिळत राहिले तर ते वर्षभर हिरवे राहते आणि थोडे थोडे फूल देत राहते. बाजाराच्या दृष्टीने अशा फुलांचा उपयोग नाही. म्हणून आपल्या भागात बहार धरण्याची पद्धत आहे. आंबे बहार, मृग बहार आणि हस्त बहार असे तीन बहार. आंबे बहाराचे फूल साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाचे जून-जुलैत आणि हस्ताचे सप्टेंबर-ऑक्टोबरात येते. ज्याला जे पाणी परवडते आणि जो भाव मिळवायचा आहे त्याप्रमाणे शेतकरी बहार निवडतो.

बहार धरण्यासाठी पाणी तोडून झाडाला ताण देतात. पाने पिवळी पडतात, गळू लागतात. उरलेली पाने गाळण्यासाठी इथेफॉन, म्हणजे बाजारात ज्याला इथरेल म्हणतात, ते फवारतात. मग हलकी छाटणी, खत आणि पहिले पाणी.

थंड मुलखात पानगळ निसर्ग करतो, आपल्याकडे ती शेतकरी करतो. याचा अर्थ असा की झाडाच्या नत्राचा साठा भरू द्यायचा की नाही, हेही आपल्याच हातात आहे. तीन ठिकाणी आपण चुकतो.

पहिली चूक, माल उतरल्यावर बागेकडे पाठ फिरवणे. फळाबरोबर झाडाचे नत्र आणि पालाश बाजारात गेलेले असते. शिल्लक भरायची तर पाने निरोगी आणि हिरवी असतानाच जमिनीत खत आणि ओल हवी. सोलापूर येथे 2005 साली स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही तोडणीनंतर झाडाला सुमारे तीन-चार महिने विश्रांती द्या आणि त्या काळात खत-पाणी चालू ठेवा असेच सांगते. विश्रांती म्हणजे उपास नव्हे.

दुसरी चूक, घाईने पाने गाळणे. ताण देऊन पाने हळूहळू पिवळी पडली तर त्यातील नत्र फांद्यांत परत जायला वेळ मिळतो. भाव चांगला आहे म्हणून लवकर बहार धरायचा आणि हिरवीगार पानेच इथरेल मारून खाली पाडायची, तर पानातील माल न उतरवताच गाडी दरीत ढकलण्यासारखे होते. पाने पिवळी पडल्यावरच फवारणी करावी असे जाणकार सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

तिसरी चूक, पहिल्या पाण्याबरोबर सगळा युरिया ओतणे. त्या वेळी झाडाला पाने नसतात, मुळांची ओढ कमी असते. युरिया उघड्यावर पडला तर उन्हात अमोनिया वायू होऊन उडतो, आणि पुढे नायट्रेट झाल्यावर जास्त पाण्याबरोबर मुळांच्या खाली वाहून जातो. तेच नायट्रेट गावच्या विहिरीत उतरते. मग उरलेले नत्र मोठ्या पानांच्या काळात एकदम मिळाल्यामुळे फांद्या माजतात आणि फूल-फळाचा वाटा कमी होतो. आमच्या बागेत नेमके हेच झाले असावे.

आकड्यांत पाहू

महाराष्ट्रात पाच वर्षांच्या पुढील डाळिंबाच्या झाडाला वर्षाला 625 ग्रॅम नत्र, 250 ग्रॅम स्फुरद आणि 250 ग्रॅम पालाश अशी शिफारस अनेक वर्षे चालत आली आहे. 625 ग्रॅम नत्र म्हणजे युरियाच्या हिशेबाने सुमारे 1 किलो 360 ग्रॅम. एकरी 300 झाडे धरली तर सुमारे 408 किलो, म्हणजे 45 किलोच्या नऊ गोण्या. सगळे नत्र युरियातूनच द्यावे असे नाही. शेणखत आणि पेंडीतून जेवढे जाईल तेवढा युरिया कमी करावा, आणि माती व पान तपासून प्रमाण ठरवावे.

सांगण्याचा मुद्दा असा की नऊ गोण्यांची संख्या वाढवल्याने बाग सुधारत नाही. त्याच गोण्यांची वाटणी बदलल्याने सुधारू शकते. काही भाग विश्रांतीच्या काळात, काही बहार धरल्यावर पालवी फुटताना, उरलेले हप्त्याहप्त्याने फळ धरल्यानंतर. फळ पिकायच्या वेळी नत्र जास्त दिले तर रंग आणि टिकाऊपणा बिघडतो.

नत्राचा अतिरेक दुसऱ्या बाजूनेही महाग पडतो. या शतकाच्या पहिल्या दशकात तेल्या रोगाने आपल्या भागातील कित्येक बागा मुळासकट काढाव्या लागल्या, हे वाचकांना आठवत असेल. तो जिवाणूमुळे होणारा रोग आहे, खतामुळे होत नाही. पण लुसलुशीत, दाट वाढीत तो आणि कीड दोन्ही फोफावतात. तसेच निरोगी बागेची पडलेली पाने कुजवून जमिनीला परत द्यावीत, परंतु तेल्या असलेल्या बागेची पाने आणि छाटलेल्या फांद्या गोळा करून जाळाव्यात. तेथे नत्र वाचवण्याचा लोभ धरू नये.

नाशिक, निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतही असेच आहे. तेथे वर्षातून दोन छाटण्या होतात, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. दोन्ही छाटण्यांनंतर नवे डोळे फुटतात ते मुळांतील आणि खोडातील साठ्यावर. म्हणून अनुभवी बागायतदार माल काढल्यानंतर लगेच कात्री लावत नाही. वेलीला पाणी आणि थोडे खत देऊन काही आठवडे सावरू देतो.

सौद्यात काय लिहावे

आता व्यापाराकडे येऊ. एका बहारापुरती बाग घेणाऱ्याला माल उतरल्यानंतर खत घालण्यात काही फायदा दिसत नाही, कारण त्या खताचे फळ पुढचा खाणार. बागमालकाला वाटते, उक्ती दिली आहे, तोच पाहील. दोघांच्या मध्ये झाड उपाशी राहते. पुढचा घेणारा येतो तेव्हा त्याला उंची आणि पाने दिसतात, आतली रिकामी कोठी दिसत नाही. तो पूर्ण रक्कम मोजतो आणि बसतो. यात लबाडी कोणाचीच नसेल, पण नुकसान खरे असते.

आपल्या शरीअतमध्ये या व्यवहाराचे नियम फार पूर्वीच आखून दिलेले आहेत. फळ तयार होण्याची लक्षणे दिसण्याआधी ते विकण्यास हदीसमध्ये मनाई आहे. अनेक वर्षांची फळे आगाऊ विकण्यासही मनाई आहे. कारण जे अजून हातात नाही त्यावर एकाने पैसे घ्यायचे आणि दुसऱ्याने नशिबावर बसायचे, हे न्यायाचे नाही. दुसऱ्या बाजूला मुसाकातची परवानगी आहे. म्हणजे झाडे एकाची, मेहनत दुसऱ्याची आणि फळात ठरलेला हिस्सा. खैबरच्या बागा आणि शेते तेथील लोकांकडे उत्पन्नाच्या निम्म्या हिश्शाने ठेवण्यात आल्या होत्या, हे प्रसिद्ध आहे. इमाम अबू हनीफा यांनी स्वतः मुसाकात मान्य केली नव्हती, परंतु त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी ती जायज ठरवली, आणि हनफी मसलकात फतवा त्यांच्याच मतावर आहे. प्रत्यक्ष करार करताना मसअला उलमांकडून विचारून घ्यावा.

आमच्या मते झाडाचा स्वभाव पाहता तीन वर्षांच्या मुदतीची हिस्सेदारी एका बहाराच्या उक्त्या सौद्यापेक्षा चांगली. यात फळे आगाऊ विकली जात नाहीत, दर वर्षी जे येईल ते वाटून घेतले जाते. आज घातलेल्या खताचा लाभ घालणाऱ्यालाच पुढच्या वर्षी मिळतो, म्हणून हात आखडत नाही. करारात चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात.

एक, शेवटच्या तोड्यानंतर किती दिवसांत शेणखत आणि खत पडेल, आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा. दोन, ताण कोणत्या महिन्यात सुरू होईल, आणि पाने पिवळी पडण्याआधी इथरेल मारले जाणार नाही. तीन, वर्षातून एकदा माती आणि पान तपासले जाईल. चार, मुदत संपण्याच्या वर्षीही तोडणीनंतरचे खत-पाणी दिले जाईल, आणि बाग परत करताना झाडे पोसलेल्या स्थितीत असतील.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शेवटच्या वर्षी घातलेल्या खताचा नफा आपल्याला मिळणार नाही, हे माहीत असूनही ते घालायचे. पहिल्या वर्षी आपण जे फूल पाहिले तेही दुसऱ्या कोणाच्या खर्चावर आले होते. बाग ही अमानत आहे आणि अमानत भरलेली मिळाली तर भरलेलीच परत केली पाहिजे.

त्या वर्षाच्या नुकसानीनंतर आमची भागीदारी मोडली नाही. आबांनी आम्हाला दोष दिला नाही, आम्ही मात्र आमचा हिस्सा त्या वर्षी कमी घेतला. आता शेवटचा तोडा झाला की पहिली गाडी शेणखताची जाते, आणि त्याचे पैसे माल विकल्याच्या रकमेतून, वाटणी होण्याआधी, बाजूला काढलेले असतात. तेव्हापासून फूल एकसारखे येत आहे. भाव वर-खाली होतो, तो कोणाच्या हाती नाही.

अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.